भिंतीवरचा गोली

वॉली कुझिक मला आवडत नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे मागून कोणी म्हणायला नको की दारका भावाची बाजू घेते. घेतेच. सख्ख्या भावाची नाही घ्यायची तर कोणाची घ्यायची?

वेस्नाच्या रिंकवर मी कँटीन चालवते. कॉफी, ग्रेव्ही ओतलेले तळलेले बटाटे, आणि शनिवारी पेरोगी, म्हणजे बटाट्याचं सारण भरून उकडलेल्या करंज्या. आमच्या गावात एक चर्च आहे, एक धान्याचं कोठार आहे आणि एक रिंक आहे. पाद्री नसला तर आम्ही चालवून घेतो, रिंकवरचा बर्फ नीट गोठला नाही तर मात्र माणसं एकमेकांच्या अंगावर धावून जातात. सस्कॅचेवानच्या या सपाटीवर हिवाळ्यात दुसरं करायला काय आहे? हॉकी खेळायची, नाहीतर खेळणाऱ्यांना शिव्या घालायच्या. दुसरं काम आमच्या गावाला जास्त चांगलं जमतं.

रिंकचं दार उघडलं की डाव्या हाताला माझी खिडकी आणि समोर ती भिंत. क्लबसाठी आयुष्य घातलेल्या खेळाडूंचे फोटो तिथे लावतात, खाली पितळी पट्टी आणि पट्टीवर नाव. मधोमध आमचे तातो आहेत, म्हणजे वडील. जाडजूड पॅड, तोंडावर मुखवटा नाही, नाक मोडून एका बाजूला गेलेलं. वेस्नाचे पहिले गोलकीपर, आमच्या बोलण्यात गोली. चुकून एखादा भलताच गोल खाल्ला की स्वतःच पोट धरून हसायचे. गोली स्वतःला हसला नाही तर त्याला वेड लागतं, असं म्हणायचे.

तो फोटो लावला तेव्हा तातो थकलेले नव्हते. अजून एखादा हिवाळा खेळायची त्यांची फार इच्छा होती. पण वॉली तेव्हा नवाच क्लबचा सेक्रेटरी झाला होता, आणि त्याच्या मेव्हण्याला गोलमध्ये उभं राहायची हौस आली होती. हंगाम संपल्यावर चर्चच्या हॉलमध्ये क्लबचं जेवण असतं. त्या जेवणात वॉलीने तातोंना मिठी मारली, त्यांचा फोटो सगळ्यांना दाखवला, टाळ्या वाजवल्या. आणि पुढच्या थंडीला तातो पॅड खांद्यावर टाकून रिंकवर आले तेव्हा दारातच हात आडवा घातला.

"ओलेक्सिनकाका, भिंतीवर गेला तो बर्फावरून गेला. कमिटीने नियमच केलाय तसा. तुम्ही आता मानाचे. मानाने बसा."

तोंडात साखर आणि हातात सुरी. तातो पॅड घेऊन घरी गेले. त्यानंतर ते प्रत्येक सामना माझ्या खिडकीशेजारी उभे राहून काचेतून बघायचे, आत जाऊन बसायचे नाहीत. मेव्हणा एकच हिवाळा टिकला. तातोही मग फार काळ टिकले नाहीत. नियम मात्र टिकला. आमचा जुना खेळाडू मेट्रो सावचुक फोटो लागल्यावर अक्षरशः रडला, एक सामना खेळू द्या म्हणाला, तरी वॉलीने ऐकलं नाही. भिंतीवर गेला तो बर्फावरून गेला. आता तर पोरंसुद्धा ही म्हण असल्यासारखी म्हणतात.

मेव्हण्यानंतर गोलमध्ये उभा राहिला माझा धाकटा भाऊ नेस्टर. दिवसा शाळेची बस चालवतो, संध्याकाळी बर्फावरच्या हॉकीत चेंडूऐवजी असतात त्या रबराच्या चकत्या अंगावर झेलतो. गावात दुसऱ्या कोणाला ते काम नकोच होतं, आजही नको आहे. स्वतः झेलायची वेळ आली की सगळ्यांची कंबर दुखते, दुसऱ्याने कशी झेलावी हे मात्र प्रत्येकाला पाठ आहे.

नेस्टर चांगला गोली आहे. हे बहीण म्हणून सांगत नाही. पण त्याला एक खोड आहे: प्रत्येक हल्ल्याआधी तो स्टिकने आधी गोलचा डावा खांब ठोकतो, मग उजवा. गोलकडे पाठ असते ना, आपण नेमके कुठे उभे आहोत ते खांबाच्या आवाजावरून कळतं. ब्रॅन्टली हे आमचं शेजारचं गाव आणि आमचं जुनं वैरी. त्यांच्याविरुद्धच्या अंतिम सामन्यात त्यांच्या एका दमलेल्या माणसाने बाकावर जाऊन बसण्याआधी मधल्या रेषेवरून चकती नुसती पुढे ढकलून दिली. गोल करावा असं त्याच्या मनातही नव्हतं. नेस्टरने डावा खांब ठोकला. मान वळवून उजवा ठोकला. तेवढ्यात चकती वाटेत एक उडी मारून त्याच्या दोन पायांमधून आत गेली. ज्याने ढकलली तो बाकावर बसून पाणी पीत होता. सामना गेला, चषक गेला.

आमच्या क्लबात वर्षातल्या सगळ्यात गाढव चुकीला बक्षीस असतं: कमोडची लाकडी सीट. वॉलीच्या हार्डवेअरच्या दुकानातली. जेवणाच्या शेवटी ती विजेत्याच्या गळ्यात घालतात, आणि त्याने ती वर्षभर घराच्या दारावर टांगायची. त्या वर्षी नेस्टरला मिळाली. तो हसला, तातोंसारखाच पोट धरून. सीट गळ्यात घालून नाचलासुद्धा. मीही हसले. चुकलाच होता, हसण्यासारखंच होतं.

पण गाव तिथे थांबलं नाही. बसमध्ये चढताना पोरं दोन पाय फाकून उभी राहायची. न्हाव्याकडे गेला की न्हावी खुर्चीचा डावा हात ठोकायचा, मग उजवा. चर्चमध्ये तो गुडघ्यांवर बसला की मागून कोणीतरी हळूच म्हणायचं, "पाय जवळ घे रे, काहीतरी आत जाईल." एकदा गंमत, दोनदा गंमत. त्यानंतर ती गंमत नसते, दगड मारणं असतं.

दुसऱ्या वर्षी त्याच ब्रॅन्टलीने आणखी एक गोल घातला, तो असा की मला अजून खरा वाटत नाही. त्यांचा फटका नेस्टरने पोटावर अडवला. आणि चकती नाहीशी झाली. खेळाडू बर्फावर शोधतायत, रेफरी शोधतोय, लोक उभे राहून बोटं दाखवतायत. नेस्टरही शोधायला लागला, आणि शोधत शोधत दोन पावलं मागे, थेट गोलच्या आत गेला. तिथे त्याने कंबर हलवली तशी पँटच्या मागच्या बाजूने चकती टपकन खाली पडली. पोटावरून पँटमध्ये गेली होती आणि हा तिला स्वतःच्या अंगावर घालून आत घेऊन गेला होता. रेफरीला हसू आवरेना, पण गोल द्यावा लागला.

जेवणात दुसऱ्यांदा सीट त्याच्याच गळ्यात. या वेळी तो हसला, पण ओठांनीच. मी त्याच्याकडे बघत होते म्हणून मला कळलं.

तेवढ्यात वॉली खुर्चीवर चढला. आता तो क्लबचा अध्यक्ष झाला होता, आणि व्हिस्कीने चेहरा लाल झाला होता. "मंडळी, नवा नियम! सलग तीनदा जिंकेल त्याची सीट कायमची! लोखंड तापवून तिच्यावर नाव डागायचं आणि बाहेर भिंतीवर लावायची! कुठे? बापाच्या फोटोखाली! ओलेक्सिन घराण्याचा मान आहे तो!"

हॉल टाळ्यांनी दणाणला. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. नेस्टरचा चेहरा पांढरा पडला होता. घरी जाताना गाडीत तो एवढंच म्हणाला, "दारका, मला काय म्हणायचं ते म्हणू देत. तातोंच्या खाली ते नको."

"नाही लागणार," मी म्हणाले.

"मी चुकलो नाही तर नाही लागणार."

पुढचा सगळा हिवाळा माझा भाऊ न चुकण्यासाठी जगला. मी त्याच्या पँटच्या कमरेला आतून पट्टी शिवून दिली, वर गॅलिस लावले. खांब ठोकायचं त्याने सोडून दिलं. हात शिवशिवायचे, पण ठोकायचा नाही. बोलणं कमी झालं. हसणं तर बंदच. पोरांनी बसमध्ये पाय फाकले तरी तो समोर रस्त्याकडे बघायचा. गोलमध्ये इतका चांगला तो कधीच खेळला नव्हता, आणि त्याला खेळताना बघून इतकं वाईटही मला कधी वाटलं नव्हतं. त्याच्या जोरावर आम्ही पुन्हा अंतिम सामन्यात गेलो. पुन्हा ब्रॅन्टली, आणि या वेळी त्यांच्या रिंकवर.

कँटीनला कुलूप लावून मी गेले. वेस्नाचं अर्धं गाव गेलं होतं. वॉली माझ्या पुढच्याच रांगेत, गळ्यात क्लबचा मफलर. दर वेळी चकती नेस्टरकडे जायची तेव्हा तो शेजाऱ्याला कोपर मारून म्हणायचा, "बघ हं, आता बघ." आपला गोली आहे, आपलं गाव आहे, आणि हा माणूस तो चुकण्याची वाट बघत होता.

बरोबरी होती. थोडाच खेळ उरला होता. तेवढ्यात वॉलीच्याच मुलाने, डार्सीने, ब्रॅन्टलीच्या एकाला स्टिक अडकवून आडवं पाडलं. रेफरीने हात वर केला. हात वर गेला की आमचा माणूस शिक्षेला जाणार हे नक्की, पण आमच्यातल्या कोणी चकती ताब्यात घेईपर्यंत खेळ थांबत नाही. अशा वेळी समोरचा गोलकीपर आपलं गोल उघडं टाकून बाकाकडे पळतो आणि त्याच्या जागी एक जादा माणूस हल्ल्याला येतो. त्यात धोका काही नसतो. आम्ही चकती धरली की शिट्टी वाजणारच, म्हणजे उघड्या गोलमध्ये आम्ही काही टाकूच शकत नाही. टाकू शकतात ते स्वतःच.

ब्रॅन्टलीचा गोली एमिल, चांगला धिप्पाड माणूस, बाकाकडे पळाला. त्यांच्या एकाने नेस्टरवर जोरात फटका मारला. नेस्टरने तो छातीवर घेतला, खाली पडला आणि दोन्ही हात पोटाखाली घेऊन चकतीवर पालथा झाला. निदान त्याला तसं वाटलं. चकती त्याच्या कोपराला लागून केव्हाच बाहेर गेली होती. कोपऱ्यात ती ब्रॅन्टलीच्या माणसाला मिळाली. त्याने न बघता मागे आपल्या साथीदाराकडे दिली. साथीदार नेमका त्याच क्षणी वळून बाकाकडे ओरडत होता, कोण येतंय म्हणून. चकती त्याच्या स्टिकच्या पुढून निघून गेली.

आणि जातच राहिली. घाई नाही, गडबड नाही. मधली रेषा ओलांडली. ब्रॅन्टलीचा एक जण मागे धावला, पाय घसरून पोटावर पडला आणि तिच्या मागे मागे घसरत गेला. चकती सरळ त्यांच्याच उघड्या गोलमध्ये जाऊन जाळीला टेकली.

आम्ही वेस्नावाले छप्पर फाटेल असे ओरडलो.

आता दोन गोलींचं काय झालं ते ऐका. एमिल बाकाचा कठडा ओलांडत होता, पाठ खेळाकडे. त्याच्या स्वतःच्या रिंकवर एवढा गजर झाला म्हणजे आपलाच गोल, असं समजून त्याने दोन्ही हात वर केले आणि बाकावरच्या माणसाला मिठी मारली. तो माणूस लाकडासारखा उभा. आणि इकडे नेस्टर पालथा पडलेला. परक्या रिंकवर एवढा गजर म्हणजे आपणच गोल खाल्ला, असं त्याला वाटलं. त्याने पोटाखाली चाचपलं. काही नाही. मुखवटा बर्फावर टेकला आणि तो तसाच पडून राहिला, खांदे हलत होते. गोल खाणारा नाचत होता, गोल करणारा रडत होता.

हो, करणारा. अशा गोलचं श्रेय ज्याने चकतीला शेवटचा हात लावला त्या आमच्या माणसाला जातं, आणि तो हात नेस्टरचा होता. भोंग्यावरून आवाज आला, "वेस्नाचा गोल. नेस्टर ओलेक्सिन." मग सगळं रिंक हसायला लागलं, दोन्ही गावं. आमच्या पोरांनी नेस्टरला उठवून सांगितलं तेव्हा त्याला आधी ती थट्टाच वाटली.

तेवढ्या गोलने आम्ही चषक जिंकला. शेवटी दोन्ही संघ रांगेने हात मिळवतात, तेव्हा एमिल नेस्टरपाशी थांबला. मी कठड्याशी होते, मला ऐकू आलं.

"लेका, तू रडत होतास म्हणे?"

"तू नाचत होतास म्हणे?"

"आता गावात तोंड दाखवायची सोय नाही," एमिल म्हणाला. "बायकोसुद्धा मिठी मारू देणार नाही."

त्या हिवाळ्यात पहिल्यांदा माझ्या भावाच्या तोंडाचा कोपरा हलला. मला वाटलं, संपलं एकदाचं. चषक आणलाय, गोल केलाय, आता कोण नाव ठेवणार? मी मूर्ख. ज्याला खुसपट काढायचं असतं त्याला ते देवाच्या दाढीतही सापडतं.

जेवणाच्या दिवशी मी हॉलच्या स्वयंपाकघरात होते. पेरोगी उकडून झाल्या होत्या, तेवढ्यात खुद्द वॉली आत आला आणि माझ्या शेगडीवर लोखंडी सळई ठेवून गेला. "तापू दे जरा," म्हणाला. नाव डागायचीच सळई होती ती.

बाहेर तो खुर्चीवर चढला. "मंडळी! गोल करणारे खूप पाहिले. पण गोल झालाय हे ज्याला माहीतच नाही, असा हा एकच! चकती तिकडे गावभर फिरतेय, आणि आमचा नेस्टर रिकाम्या बर्फावर खुडूक कोंबडीसारखा बसलाय! अंडं कुठंय? अंडं ब्रॅन्टलीच्या जाळीत! तिसरी सीटही यालाच!"

हॉल हसला. सगळा नाही. काही जण ताटात बघत होते. पण ताटात बघणाऱ्यांनी कधी कोणाचं रक्षण केलंय? डार्सी सगळ्यात जोरात टेबल बडवत होता. ज्याच्या आडदांडपणामुळे रेफरीचा हात वर गेला तो.

मी सळई उचलून पाण्याच्या बादलीत घालणार, तेवढ्यात नेस्टर आत आला.

"दे इकडे, दारका."

"मेले तरी देणार नाही. अरे, तातोंच्या फोटोखाली लावणार आहेत ते!"

"माहितीये. दे." त्याचा आवाज शांत होता, आणि शांत माणसाशी मला भांडता येत नाही. त्याने फडक्यात धरून सळई नेली आणि वॉलीच्या हातात दिली. लाकडाचा जळका वास हॉलभर पसरला. नाव डागून झालं तसं नेस्टरने सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "अध्यक्षसाहेब, ही भिंतीवरच लागणार ना? बाकीच्यांसारखी?"

"अगदी बाकीच्यांसारखी!" वॉली म्हणाला. "लांब स्क्रू मारतो. भूकंप झाला तरी पडायची नाही!"

"कमिटीला मान्य?"

"मान्य! मान्य!" सगळे ओरडले.

"मग ठीक," नेस्टर म्हणाला आणि जेवायला बसला.

मी त्याच्याशी आठवडाभर बोलले नाही. इतका कसा लाचार झाला म्हणून. सीट भिंतीवर लागली, तातोंच्या मोडक्या नाकाखाली, आणि उन्हाळाभर रिंक झाडायला गेले की मी त्या भिंतीकडे पाठ करून झाडायची.

थंडी पडली, बर्फ गोठला, सराव सुरू झाला. नेस्टर सरावाला आला, अंगावर चकत्या झेलल्या. मग हंगामाचा पहिला सामना आला, आमच्या रिंकवर, ब्रॅन्टलीविरुद्धच. रिंक खच्चून भरलं. दोन्ही संघ बर्फावर उतरले. आमचं गोल रिकामं.

नेस्टर माझ्या खिडकीशी उभा होता, तातो उभे राहायचे तिथेच. अंगात इस्त्रीचा शर्ट. पेरोगी खात होता.

वॉली धावत आला. "अरे, चरतोयस काय? कपडे चढव!"

"मी कसा येऊ?" नेस्टरने काटा भिंतीकडे रोखला. "मी भिंतीवर आहे."

"म्हणजे?"

"भिंतीवर गेला तो बर्फावरून गेला. नियम आहे कमिटीचा. तुम्हीच केलाय. सरावालाच अडवायला हवं होतं मला."

वॉलीला कळायला थोडा वेळ लागला. त्याच्या तोंडचं पाणी पळताना मी डोळे भरून बघितलं. मलाही तेव्हाच कळलं.

"अरे, ती गंमत होती!"

"स्क्रू खरे आहेत," नेस्टर म्हणाला. "मेट्रो रडला तेव्हा गंमत नव्हती. माझे वडील पॅड घेऊन या दारात उभे होते तेव्हाही नव्हती. मी मानाचा माणूस आहे, वॉली. मानाने बसतो."

दारात लोक गोळा झाले. मेट्रो सावचुक पुढे आला आणि हाताची घडी घालून उभा राहिला. वॉलीने डार्सीला पॅड चढवायला सांगितलं. डार्सी म्हणाला, "मी? वेड लागलंय का? चेहरा फुटेल माझा!" आणखी दोघा-तिघांना विचारलं. कोणाची कंबर दुखत होती, कोणाचा गुडघा. काचेपलीकडून ब्रॅन्टलीची माणसं ओरडत होती, "गोली विकत हवाय का?" रेफरी आत आला, गोली नसेल तर सामना ब्रॅन्टलीला देऊन टाकतो म्हणाला, आणि माझ्याकडे कॉफी मागितली. मी त्याला सगळ्यात मोठ्या कपात दिली, भरपूर गरम. पिऊन व्हायला वेळ लागावा म्हणून.

"काय हवंय तुला?" वॉलीने दातओठ खात विचारलं.

"मला काही नको. नियम तुमचा आहे."

वॉली बाहेर गेला आणि गाडीतून स्क्रूड्रायव्हर घेऊन आला. सगळ्या गावासमोर भिंतीशी गुडघ्यावर बसला. लांब स्क्रू होते, स्वतःच मारलेले, भूकंपात न पडणारे. एक निघाला. दुसरा निघेना. कपाळावर घाम आला, मफलर पाठीवर गेला.

"उलटा फिरवतोयस, वॉली," मेट्रो म्हणाला. "पाय जवळ घे, जोर येईल."

आता लोक हसले, पण वॉलीला. सीट निघाली तेव्हा भिंतीला भोकं राहिली. वर तातोंचं नाक तसंच एका बाजूला गेलेलं, पण खाली काही नव्हतं. माझे डोळे भरून आले, ते मी कांद्यावर ढकललं.

नेस्टरने शेवटची पेरोगी संपवली, तोंड पुसलं. "आणि नियम?" त्याने विचारलं.

वॉली गुडघ्यावरच होता. "कसला नियम?"

"भिंतीवर गेला तो..."

"गेला खड्ड्यात तो नियम!" वॉली ओरडला. "मोडला! जा आता!"

"सगळ्यांनी ऐकलं?" मेट्रोने वळून विचारलं. सगळ्यांनी ऐकलं होतं.

नेस्टर कपडे चढवून बर्फावर आला तेव्हा मीही खिडकी सोडून आत कठड्याशी गेले. रिंकवर अशी शांतता होती की त्याच्या बुटांच्या पात्यांचा आवाज येत होता. सगळे त्याच्याकडे बघत होते, पण कोणी ओरडेना, कोणी पाय फाकेना. त्याने स्टिकने डावा खांब ठोकला. मग मान वळवून उजवा. कित्येक महिन्यांनी तो आवाज ऐकला मी.

खेळ सुरू होऊन थोडाच वेळ झाला असेल. ब्रॅन्टलीच्या एकाचा फटका आमच्या कोणाच्या तरी स्टिकला लागून सरळ वर उडाला, दिव्यांपर्यंत. चकती दिसेना. नेस्टरने मान वर केली, हातमोजा पसरला, एक पाऊल पुढे टाकलं, मग एक मागे, मग गोल गोल फिरला. चकती मागून बरोबर त्याच्या मानेवर पडली. पाठीवरून घरंगळली, टाचेला लागली आणि आत. तो अजून वरच बघत होता.

कोणी हसलं नाही. सगळं वेस्ना ओठ दाबून, खाली मान घालून बसलं होतं. पुढचा गोली कुठून आणायचा या भीतीने. ती शांतता मला त्या दोन हिवाळ्यांच्या हसण्यापेक्षाही घाणेरडी वाटली.

आणि मला हसू फुटलं. काय करू, होतंच तसं. कठडा धरून मी हसले, पोट दुखेपर्यंत. लोक वळून माझ्याकडे बघायला लागले. नेस्टरनेही बघितलं. मग मागे वळून जाळीतली चकती बघितली, पुन्हा एकदा वर दिव्यांकडे बघितलं. त्याने मुखवटा डोक्यावर सरकवला. तोंड लाल झालं होतं, आणि तो हसत होता, कमरेतून वाकून, तातोंसारखा. पलीकडच्या गोलमध्ये एमिल जाळीला धरून हसत होता. मग मेट्रो हसला, आणि मग सगळं रिंक.

वॉली तेवढा हसला नाही. तो दारात उभा होता. सीट त्याच्या काखेत होती आणि ती कुठे ठेवावी हे त्याला सुचत नव्हतं.